तिसरी घडी

फोरमनला साधा स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा असला तरी तो तीन दुकानं पालथी घालायचा आणि चौथ्या दुकानातून हात हलवत परत यायचा. चुकीची वस्तू घरात येण्यापेक्षा वस्तू नसलेली बरी, असं त्याचं म्हणणं. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याची पस्तीस वर्षं गेली होती. लिफ्टमध्ये चुकीचा भाग बसला तर काय होतं हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला, चहा संपेपर्यंत, सांगायचा. निवृत्त झाला तरी फोरमन हे नाव काही सुटलं नाही. बायकोसुद्धा चारचौघांत त्याला फोरमनच म्हणायची. घरात मात्र 'अहो'.

फ्रिज घ्यायला त्यांना अकरा महिने लागले होते. तेवढ्या काळात दूध नासायचं तितकं नासलं आणि फोरमनच्या वहीत एकवीस फ्रिजांची कुंडली तयार झाली. बायको मैत्रिणींना सांगायची, "आमच्याकडे वस्तू येत नाही, वस्तूची चौकशी येते." हा विनोद तिने वीस वर्षं चालवला, आणि त्यात तिला नवऱ्याचं थोडं कौतुकही होतं. फ्रिज खरंच चांगला निघाला होता.

ती स्वतः पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होती, सत्तावीस वर्षं. छापलेला मोठा कागद यायचा, त्याला तीन घड्या घातल्या की सोळा पानांचा फर्मा व्हायचा, आणि असे फर्मे एकावर एक रचून शिवायला जायचे. लांबलचक टेबलाच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून बायका दिवसभर घड्या घालायच्या. पहिली घडी सोपी, दुसरी सोपी. तिसरीपर्यंत कागद जाड झालेला असतो, म्हणून तिथे हाडाच्या पट्टीने दाब द्यायचा आणि क्षणभर तसंच धरून ठेवायचं, नाहीतर फर्मा फुगतो. त्या घड्यांवर तिने गाणी रचली. शब्द तिचे, चाली तिच्या. एक ओळ म्हणजे एक फर्मा. दोन घड्या चाल सरळ जायची, तिसरीला अडायची, पट्टी फिरून होईपर्यंत श्वास धरायची आणि मग सुटायची. टेबलावरच्या बायका तिला रेडिओ म्हणत. मुकादमाने तिला कधी गप्प बसवलं नाही, कारण रेडिओ लागला की फर्मे जास्त पडतात हे त्यालाही कळत होतं.

अशी नऊ गाणी होती. एक मुकादमाच्या ढेरीवर, एक नवऱ्याला सोडून आलेल्या मैत्रिणीवर, एक अक्षर न वाचता येणाऱ्या बाईवर, जी जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या घड्या घालते. शब्द तिने वहीत उतरवून ठेवले होते. चाल वहीत मावत नाही.

मग गळ्यात कॅन्सरची गाठ निघाली. सर्जनने कागदावर गळ्याचं चित्र काढलं, त्यात एक बारीक रेघ मारली आणि म्हणाला, "ही आवाजाची नस. गाठ तिच्या अगदी लगत आहे. सोडवता आली तर सोडवू, नाही आली तर कापावी लागेल. जिवाला धोका नाही. बोलता येईल. गाण्याचं मात्र मी काही सांगू शकत नाही." तारीख सहा आठवड्यांनंतरची मिळाली, बुधवारची.

बाहेर पडल्यावर ती पायऱ्यांवरच थांबली. आयुष्यात तिने नवऱ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते उशिरा मिळालं होतं. "अहो," ती म्हणाली, "माझी गाणी भरून ठेवायची आहेत. सगळी. मागे जरा पेटी असू दे, जरा ठेका. नीट."

'नीट' हा शब्द तिने वापरला. पुढे कितीतरी दिवस तो शब्द तिला टोचत राहिला.

फोरमनचे डोळे भरून आले होते, पण काम मिळाल्याबरोबर ते कोरडे झाले. घरी येऊन त्याने नवी वही काढली. आपल्या बायकोची गाणी आपण घरीच बांधायची, संगणकावर. ठेका, पेटी, बासरी मशीनकडून वाजवून घ्यायची, एकावर एक थर लावायचे आणि सगळ्यांच्या वर तिचा आवाज. हे ज्यात होतं त्या सॉफ्टवेअरला सिक्वेन्सर म्हणतात, ही माहिती त्याने संध्याकाळपर्यंत मिळवली. असे सिक्वेन्सर किती आहेत ही माहितीही मिळवली, आणि तिथे घात झाला. ते पुष्कळ होते.

कारखान्यातल्या मैत्रिणी भेटायला आल्या तेव्हा ती त्यांना म्हणाली, "एकाच महिन्यात घरात कॅन्सर आला आणि सिक्वेन्सर आला. आता कोण आधी जातो बघायचं." कुणीच हसलं नाही. ती एकटीच हसली.

पहिला आठवडा वाचण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यापासून चाचण्या सुरू झाल्या. बहुतेक सॉफ्टवेअर महिनाभर फुकट वापरून बघता यायची. नावं परकी आणि जिभेला जड, म्हणून ती त्यांना रंगावरून ओळखायची: निळं, गाजरी, करडं, काळं. फोरमनची चाचणीची रीत लिफ्टवाली होती. नवा भाग बसवण्याआधी जुन्याचा कणही राहता कामा नये, नाहीतर दोष कुणाचा हे कळत नाही. म्हणून एक सॉफ्टवेअर तपासून झालं की तो ते मुळापासून उपटायचा, त्याच्या फायलींसकट, आणि कोऱ्या संगणकावर दुसरं बसवायचा. वहीत रकाने आखले होते. आवाज किती स्वच्छ येतो, किती मागे पडतो, बटणं कुठे आहेत, किती वेळा बंद पडतं. सगळ्यांना सारखीच परीक्षा हवी, म्हणून दर वेळी तो तिला मायक्रोफोनसमोर बसवायचा आणि एकच ओळ गायला लावायचा. ढेरीच्या गाण्याची पहिली.

"दुसरी ओळ म्हणू का?" ती विचारायची.

"नको गं. तुलना बिघडते."

आणि तिसरी घडी आडवी आली. सिक्वेन्सरला ठोके सारखे लागतात. तो कानात टिक टिक करत राहतो आणि गाणाऱ्याने त्याच्याबरोबर चालायचं असतं. ती दोन टिकांपर्यंत बरोबर असायची, तिसऱ्याला थांबायची, आणि तोवर मशीन पुढे निघून गेलेलं असायचं. पेटी एकीकडे, बाई एकीकडे.

"तू तिसऱ्याला रेंगाळतेस," फोरमन म्हणाला.

"रेंगाळत नाही. तिथे घडी दाबायची असते."

"इथे कुठे घडी आहे?"

तिला हसू आलं आणि रागही आला. पण फोरमनला एवढं श्रेय द्यायलाच हवं की त्याने तिला बदल असं म्हटलं नाही. त्याने वहीत नवा रकाना आखला, 'तिसऱ्याला थांबतं का', आणि बायकोच्या चालीपुढे नमणारं सॉफ्टवेअर शोधायला लागला. निळं थांबत नव्हतं. गाजरी थांबायचं, पण प्रत्येक ओळ हाताने सांगावी लागायची. माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर तिला सोपं गेलं असतं.

चौथ्या आठवड्यात ती म्हणाली, "फोनवरच भरू या का? नुसता आवाज?"

"फोनवर?" त्याने असं तोंड केलं की जणू तिने लिफ्टला दोर म्हणून सुतळी सुचवली होती. "डबा बडवल्यासारखा येईल. तुझा आवाज आहे तो. त्याचं असं करायचं?"

तिला ते ऐकून बरं वाटलं, हे खरं. सत्तावीस वर्षं रेडिओ म्हणवून घेतलं होतं, पण तिच्या आवाजाची अशी काळजी कुणी केली नव्हती. ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा हिशेब पुढे तिने कुणाकडे मागितला नाही, कारण तो तिचा तिलाच द्यायचा होता.

ऑपरेशनला बारा दिवस उरले होते. शुक्रवार, दुपार. संगणकावर करडं चालू होतं, सहावी चाचणी. ती हात पुसत आली, मायक्रोफोनसमोर बसली आणि म्हणाली, "आत्ता. जे उघडं आहे त्यात. पेटी नको, ठेका नको, ते टिकटिक तर मुळीच नको. मी गाते, तुम्ही भरा."

"अगं, पण करड्याचं अजून..."

"भरा म्हटलं ना."

त्याने लाल बटण दाबलं. तिने रद्दीतले कागद मांडीवर घेतले आणि घड्या घालायला लागली, म्हणजे थांबायचं कुठे ते हातांना कळावं. नऊच्या नऊ गाणी गायली. सव्वा तास. मुकादमाच्या ढेरीला फोरमन खुदकन हसला आणि त्याने स्वतःच तोंडावर हात धरला. न वाचणाऱ्या बाईचं गाणं तिने आजवर टेबलावर खालच्या पट्टीत म्हटलं होतं, आजूबाजूला तशा बायका असायच्या म्हणून. त्या दुपारी ते तिने वरच्या पट्टीत घेतलं, पूर्ण गळा उघडून, आणि तिसऱ्या घडीला इतकं थांबली की बाहेरच्या रस्त्यावरची सायकलची घंटा ऐकू आली. आपण यापेक्षा चांगलं कधी गायलो नाही आणि गाणारही नाही, हे तिला गाताना कळत होतं. संपलं तेव्हा तिच्या पायाशी फर्म्यांचा ढीग पडला होता.

फोरमनने लाल बटण पुन्हा दाबलं. मग म्हणाला, "आलं. सगळं आलं. आता मागची पेटी मी सावकाश लावतो."

"आत्ता ऐकवता?"

"कच्चं कशाला ऐकतेस? ऑपरेशन झाल्यावर तुला बोलायला बंदीच आहे. तेव्हा ऐक की निवांत."

तिला ते पटलं. पुढचे दिवस ती हलकी होती. माळे पुसले, लोणच्याच्या बरण्या धुतल्या, बहिणीला फोन करून तासभर गप्पा मारल्या. तिला अजून छोटी म्हणणारी ताई लांबच्या शहरात होती, तिचे गुडघे गेलेले, येणं शक्य नव्हतं. "गाणी भरून झाली," ती ताईला म्हणाली. "आता त्या नसेचं जे व्हायचं ते होवो."

गाठ नसेला चिकटलेलीच निघाली. नस कापावी लागली.

सर्जनने तीन आठवडे तोंडातून शब्द काढायचा नाही अशी ताकीद दिली. ती घरी आली, उशाशी वही-पेन्सिल ठेवली आणि पहिल्याच दिवशी लिहिलं, 'गाणी लावा.'

"पेटी बाकी आहे," फोरमन म्हणाला.

चार दिवसांनी पुन्हा लिहिलं. तो औषध आणायला गेला. औषध घरात होतं.

तिसऱ्यांदा तिने लिहिलं नाही. ती उठून संगणकाच्या खोलीत गेली आणि मायक्रोफोनसमोरच्या खुर्चीवर बसून राहिली. फोरमन दारात उभा होता. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ती गाणी नाहीत," तो म्हणाला.

तिने पेन्सिल उचलली.

त्याने सांगितलं. गुरुवारी, ऑपरेशनच्या आधीच्या, त्याला सातवं सॉफ्टवेअर सापडलं होतं, जे गाणाऱ्याचं ऐकून स्वतःच थांबतं असं त्यात लिहिलं होतं. ते बसवायचं म्हणून त्याने करडं उपटलं. उपटताना करड्याने विचारलं, याच्या फायलीही काढायच्या का. निळ्यानेही विचारलं होतं, गाजरीनेही विचारलं होतं. त्याने दर वेळेसारखं हो म्हटलं. सवयीने. तिची नऊ गाणी त्याने ज्या नावाने ठेवली होती ते नाव होतं 'टेस्ट सहा'.

'टेस्ट?' तिने लिहिलं.

"सगळ्यांना तसंच नाव देत होतो ना. एक दोन तीन..."

ती त्याच्याकडे बघत होती. राग यायला हवा होता, आणि येत नव्हता. चूक होते माणसाच्या हातून. कारखान्यात तिनेही एकदा आख्ख्या थप्पीला उलट्या घड्या घातल्या होत्या. ती मान हलवून उठणार, तेवढ्यात तिला एक गोष्ट सुचली आणि तिने लिहिलं, 'तुम्हाला कधी कळलं?'

फोरमन भिंतीकडे बघून म्हणाला, "सोमवारी."

तिने वही मांडीवर ठेवली. सोमवारी. ऑपरेशन बुधवारी. तिने सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मंगळवार होता की.'

"तुला त्रास नको म्हणून बोललो नाही. ऑपरेशन तोंडावर. आणि मला वाटलं, परत मिळतील. पुसलेल्या फायली परत आणणारी सॉफ्टवेअरं असतात. मंगळवारी दिवसभर मी तेच करत होतो. दोन चांगली होती. त्यातलं कुठलं घ्यावं..."

तो थांबला. थांबला ते चांगलं केलं, पण उशिरा.

मंगळवार तिला लख्ख आठवत होता. मंगळवारी ती भिंतीपलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती. दवाखान्यात न्यायचे दोन गाऊन, टॉवेल, फोरमनसाठी जाड चादर. आणि घड्या घालताना गात होती. काहीतरी, कुठलंतरी, मन लावून नव्हे. शेवटचा दिवस म्हणून तिने ते जपलंही नव्हतं, कारण जपून ठेवलेलं पलीकडच्या खोलीत आहे असं ती समजून होती. भिंतीच्या त्या बाजूला हा माणूस बसला होता. त्याला तिचा आवाज ऐकू येत होता. फोन त्याच्या खिशात होता. आणि तो वहीत रकाने आखत होता.

आता तिला राग आला, आणि तो इतका आला की ताकीद विसरून तिने तोंड उघडलं. तोंडातून वारा आला. फोरमन म्हणाला, "बोलू नकोस, बोलू नकोस, टाके आहेत," आणि पाणी आणायला धावला. तिला त्याच्या काळजीचा तेव्हा जितका तिटकारा आला तितका आयुष्यात कशाचा आला नव्हता.

तीन आठवडे झाले, मग सहा. बोलायची परवानगी मिळाली. आवाज आला तो जाडा, फाटका, मध्येच हवा सुटणारा. वाक्य पुरं व्हायच्या आधी दम संपायचा. वाण्याने एकदा तिला 'काका' म्हटलं, मग तिच्याकडे नीट बघून माफी मागितली. चाल म्हणायचा प्रयत्न तिने एकदाच केला, नळ सोडून, म्हणजे कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. सूर लागतच नव्हता. घडी दाबायची जागा कुठली ते हाताला अजून माहीत होतं, आणि दाबायला कागदच नव्हता.

घरात भांडण झालं नाही. भांडायलाही आवाज लागतो. फोरमन तिचं सगळं करायचा, वेळेवर गोळ्या, वेळेवर सूप, आणि मधल्या वेळात संगणकाच्या खोलीत. त्याने काम सोडलं नव्हतं. एका सकाळी तो बाहेर आला तो निराळ्याच चेहऱ्याने. तिने हा चेहरा ओळखला. फ्रिजच्या वेळी हाच होता.

"ठरलं," तो म्हणाला. "सातवं घेतलं. विकतच घेतलं, चाचणी नाही. तुझी ती तिसरी घडी आहे ना, तिथे हे आपोआप थांबतं. पेटी थांबते, ठेका थांबतो, तू पुढे गेलीस की तुझ्या मागून येतात. असं दुसरं कुठलंच करत नाही. मी बघितलंय."

ती सुपाची वाटी विसळायला उठली.

"तू बरी हो," तो म्हणाला. "मग फक्त गायचं."

तो हे खरंच म्हणत होता. तेच तर वाईट होतं. सर्जनचं चित्र त्यानेही पाहिलं होतं, ती बारीक रेघही पाहिली होती, पण निवड पक्की झाली की फोरमनच्या जगात सगळं ठीक व्हायचं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला स्वच्छ कळलं की आपण याला सोडून जाणार नाही, याला माफही करणार नाही, आणि याला यातलं काहीच कधी कळणार नाही.

दुपारी ताईचा फोन आला. ऑपरेशन झाल्यापासून बहिणीबहिणींचं बोलणं झालं नव्हतं. निरोप फोरमनच द्यायचा आणि घ्यायचा. ती आतल्या खोलीत पडली होती. दार उघडं होतं.

"हो ताई, जेवते आता व्यवस्थित," फोरमन सांगत होता. "गाणी? गाण्यांचा जरा घोटाळा झाला, तो मी सांगेन निवांत. पण सॉफ्टवेअर मिळालं हो. चार महिने लागले. उशीर झाला म्हणा, पण निवडीत चूक झाली नाही."

ती उठून बसली. तिला ओरडायचं होतं. ओरडली तर आवाज दारापर्यंतही पोचणार नव्हता हे तिला माहीत होतं, म्हणून ती चालत गेली. फोरमनच्या समोर उभी राहिली, त्याच्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावला. ताई पलीकडे बोलतच होती, छोटीला माझं सांगा, छोटीला म्हणावं.

ती म्हणाली, "ताई."



"कोण बोलतंय?" ताईने विचारलं.

"मी."

"मी कोण?" ताई म्हणाली, आणि मग जरा चढ्या आवाजात, एखाद्या परक्या माणसाशी बोलावं तशी, "हे बघा, फोन जरा माझ्या बहिणीला द्या."